आजोबांचं रिव्हॉल्व्हर बदलून घ्यावं की दुसरं विकत घ्यावं?

पुण्यात परवान्याचं जुनं रिव्हॉल्व्हर असलेली घरं बरीच आहेत. वानवडी-कोंढव्यातले निवृत्त लष्करी अधिकारी, शिरूर-दौंड-बारामतीकडून शहरात येऊन राहिलेले बागायतदार, पेठांमधले जुने सराफ अशा अनेकांच्या कपाटात ते असतं. अशा घरात परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, किंवा शस्त्र वडिलांकडून मुलाच्या नावावर करायचं ठरलं, की एक चर्चा हमखास निघते. नळी फार लांब आहे, कमरेला बसत नाही, पॉलिश उडालंय, चाप जड लागतो, काडतुसं मिळत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, "आबा, एका कारागिराला दाखवू, तो सगळं नवं करून देईल." दुसरा म्हणतो, "कशाला? हे विकून टाकू आणि नवंच घेऊ."

माझं मत आधीच सांगतो. जो बदल पुन्हा पूर्ववत करता येत नाही, तो जुन्या रिव्हॉल्व्हरवर करू नये. वापरासाठी हलकं, आजच्या बनावटीचं शस्त्र खरोखर हवं असेल, तर दुसरं घ्यावं आणि जुनं आहे तसं राहू द्यावं. यामागे यंत्राची कारणं आहेत, कायद्याची आहेत आणि इतिहासाचीही आहेत. ती नीट कळली, तर घरातली चर्चा "मला वाटतं" आणि "तुला काय कळतं" यापाशी अडकत नाही.

रिव्हॉल्व्हर आतून कसं चालतं, तिथून सुरुवात करू. त्यात फिरणारं एक सिलिंडर असतं आणि त्यात बहुधा सहा घरं असतात. प्रत्येक घरात एक काडतूस बसतं. चाप ओढला की एक छोटा दातेरी भाग सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो, दुसरा भाग खालून वर येऊन सिलिंडरला त्या जागी अडकवतो, आणि मग घोडा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आघात करणारा हातोडीसारखा भाग, पडतो. घोडा पडतो त्या क्षणी काडतुसाचं घर आणि नळीचं तोंड अगदी एका रेषेत असावं लागतं. थोडं जरी सरकलं, तरी गोळी नळीत शिरताना कडेला घासते, शिशाचे तुकडे बाजूला उडतात आणि ज्या भागावर ताण यायला नको त्यावर येतो. सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीकशी फट असते. ती वाढली की त्यातून तप्त वायू निसटतो. वेब्लीसारखी जुनी ब्रिटिश रिव्हॉल्व्हरं मधून मोडून उघडतात, त्यामुळे त्यांत बिजागरी आणि वरची कडी हे आणखी दोन झिजणारे भाग असतात.

म्हणजे या यंत्रात सगळे भाग एकमेकांशी जुळवून बसवलेले असतात. एकेकाळी ते कानशीने, हाताने जुळवत. म्हणून बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या बॉडीवर आणि सिलिंडरवर एकच क्रमांक ठोकलेला दिसतो. हे सिलिंडर याच बॉडीचं, अशी ती नोंद असते. एका भागात केलेला बदल इतर भागांपर्यंत पोचतो, आणि तो कुठपर्यंत पोचला हे बाहेरून दिसत नाही.

हातात काय आहे, हे आधी ओळखा

आपल्याकडच्या जुन्या शस्त्रांत काही नावं पुन्हा पुन्हा भेटतात. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं पहिलं मोठं सैनिकी रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलं. त्याच घराण्यातलं मार्क सहा १९१५ मध्ये आलं आणि पहिल्या महायुद्धात सगळीकडे पोचलं. त्याचं काडतूस .४५५ चं, म्हणजे साधारण तेवढ्या इंच व्यासाचं. पुढे सैन्याला हलकं शस्त्र हवं होतं, म्हणून १९३२ मध्ये एनफिल्ड नंबर दोन आलं, .३८० चं. त्याच्या जोडीला वेब्लीचं मार्क चार होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून स्मिथ अँड वेसनची लाखो रिव्हॉल्व्हरं ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या देशांना मिळाली. याशिवाय नागरिकांसाठी बनलेली .३२ ची छोटी रिव्हॉल्व्हरं आहेत: वेब्लीची, कोल्टची, स्मिथ अँड वेसनची.

भिंग घ्या आणि शस्त्रावरची प्रत्येक खूण वाचा. ब्रिटिश बनावटीच्या शस्त्रावर प्रूफ हाउसचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून आहे. तिथे प्रत्येक नळी आणि सिलिंडर नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासत आणि टिकलं तरच शिक्का मारत. हे शस्त्र किती दाब सहन करेल याची हमी म्हणजे तो शिक्का. जुन्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या शस्त्राचा शिक्का वेगळा आणि धूररहित दारूसाठी तपासलेल्याचा वेगळा. एकोणिसाव्या शतकातलं रिव्हॉल्व्हर असेल तर हा फरक जिवावरचा आहे, कारण काळ्या दारूसाठी बनलेल्या पोलादात आजचं काडतूस घालणं म्हणजे ते फुटण्याची वाट पाहणं.

दुसरी खूण विक्रेत्याची. नळीच्या वरच्या पट्टीवर बारीक अक्षरांत दुकानाचं नाव कोरलेलं सापडतं. मुंबईत काळाघोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं, कलकत्त्यात मँटन आणि रॉडा ही दुकानं होती. हे रॉडा तेच, ज्यांच्या मालातून ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं पळवली. असं एक नाव कोरलेलं असलं, तर ते शस्त्र कोणत्या मार्गाने आपल्या देशात आलं याचा तो पहिला पुरावा असतो. बफिंगच्या चाकाखाली तो काही क्षणांत नाहीसा होतो.

आकड्याचा घोळ

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी हीच लोक शेवटी विचारतात: बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास.

आपल्या शस्त्र नियमांनुसार .३८० किंवा .४५५ ची कडेवाली, म्हणजे बुडाशी कड बाहेर आलेली, काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात, असं कुठलंही रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात मोडतं. ९ मिमी आणि .४५ ची सैनिकी काडतुसं वापरणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरंही त्याच वर्गात. तर्क सरळ आहे: सैन्याचा आणि पोलिसांचा दारूगोळा बाहेरच्या शस्त्रात चालू नये. प्रतिबंधित बोअरचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, स्थानिक अधिकारी तो देत नाहीत. म्हणून सर्वसामान्य परवानाधारकाकडे दिसतं ते .३२ चं रिव्हॉल्व्हर, आणि भारतीय कारखानेही नागरिकांसाठी मुख्यतः .३२ च बनवतात.

घरातलं रिव्हॉल्व्हर मार्क सहा किंवा एनफिल्ड निघालं, तर पुढचा सगळा विचार इथे थांबवा आणि आधी परवान्यावर नेमकं काय लिहिलंय ते पाहा. "जुनं आहे, शोभेचं आहे, त्याला कोण विचारतं" हे चुकीचं आहे. कायद्यातून सूट आहे ती जुन्या घाटाच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या अशा शस्त्रांना, जी दुरुस्त करूनही चालवता येणार नाहीत. शंभर वर्षांचं वेब्ली तेल घातल्यावर चालत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते पूर्ण शस्त्र आहे.

.३२ मध्येही एक सापळा आहे. रिव्हॉल्व्हरसाठीचं काडतूस म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ पासून चालत आलेलं. त्याच्याआधीचं आखूड .३२ वेगळं. आणि पिस्तुलासाठीचं .३२, ज्याला ७.६५ मिमी ब्राउनिंग असंही म्हणतात, ते तिसरंच. परवान्यावर मात्र तिन्हींसाठी नुसतं ".३२" लिहिलेलं असू शकतं. आपल्या आयुध कारखान्याचं अशनी पिस्तूल हे तिसरं काडतूस वापरतं, तर कारखान्याचं रिव्हॉल्व्हर पहिलं. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या घरात सरकतं आणि उडतंही. पण त्याचा मान्य कमाल दाब चौरस इंचाला २०,५०० पौंड आहे आणि लाँग काडतुसाचा १५,०००. इतका फरक ऐंशी वर्षांच्या सिलिंडरवर टाकू नये. दुकानात मागताना "रिव्हॉल्व्हरची लाँग" असं स्पष्ट म्हणा आणि डबीवरचं नाव स्वतः वाचा.

कपाटात शस्त्राबरोबर जुनी काडतुसंही सापडतात. त्यांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असली तर ती किरकी फॅक्टरीची, म्हणजे आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९ पासून तिथे आहे. त्या अक्षरांकडे पाहून जिव्हाळा वाटतो हे खरं, पण दशकानुदशकं दमट कपाटात पडलेली काडतुसं उडवून बघू नका. अर्धवट उडालेल्या काडतुसामुळे गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी सुटली, तर नळी फुगते किंवा फाटते. ती काडतुसं परवान्यावरच्या संख्येत बसतात का ते पाहा आणि ती कुठे जमा करायची हे परवाना शाखेला विचारा.

कोणता बदल किती महागात पडतो

सगळ्यात धोक्याचा बदल बोअरचा. काडतूस मिळत नाही, म्हणून सिलिंडरची घरं वाढवून किंवा मागची बाजू घासून दुसरं काडतूस बसवायचं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. युद्धानंतर वेब्ली मार्क सहा तिथे स्वस्तात पोचली. .४५५ ची काडतुसं दुर्मीळ होती, .४५ ची मात्र कुठेही मिळत. विक्रेत्यांनी हजारो सिलिंडरं मागून घासली, म्हणजे .४५ ची काडतुसं अर्धगोल क्लिपमध्ये अडकवून त्यांत बसतील. बसली, उडाली, लोक खूश झाले. पण .४५ च्या नेहमीच्या काडतुसाचा कमाल दाब २१,००० पौंडांपर्यंत जातो आणि वेब्ली त्यासाठी बनलेलीच नव्हती. जाणकार सांगतात की हा दाब मूळ प्रूफ चाचणीच्या काडतुसालाही मागे टाकतो. काही सिलिंडरं तडकली. आज तिथल्या बाजारात न घासलेलं मार्क सहा जास्त किंमत खातं, आणि घासलेल्याच्या मालकाला सौम्य भरणीची काडतुसं शोधत बसावं लागतं.

स्मिथ अँड वेसनच्या युद्धकाळातल्या रिव्हॉल्व्हरांचंही असंच झालं. ब्रिटनला दिलेल्या नगांची घरं आखूड पण किंचित रुंद काडतुसाची होती. नंतर ती खोल करून .३८ स्पेशल बसवलं गेलं. स्पेशल काडतूस लांब आणि थोडं अरुंद, त्यामुळे उडाल्यावर काडतुसाचं पितळी कवच बुडाशी फुगतं आणि कधी चिरतं. वर त्या कारागिरांनी नळ्या आखूड केल्या आणि चकचकीत निकेल चढवलं. तेव्हा ते "नवं करून दिलेलं" शस्त्र होतं. आज जाणकार ग्राहक ते हातात घेतो, नळीचं टोक बघतो आणि परत ठेवतो.

आपल्याकडे हा प्रश्न तिथवर जाऊच नये, कारण कायदाच आडवा येतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय शस्त्राची नळी आखूड करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात भर पडली, आणि एका वर्गातलं शस्त्र दुसऱ्या वर्गात बदलणंही त्याच कलमाखाली आलं. शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. "प्रतिबंधित बोअरचं आहे, त्याचं .३२ करून टाकू" ही कल्पना अगदी भल्या हेतूने सुचलेली असली, तरी परस्पर केली तर याच कलमात बसते. इथे "आमच्याकडे शस्त्राचा परवाना आहे" हे उत्तर होत नाही. बाळगण्याचा परवाना वेगळा. बनवण्याचा, बदलण्याचा, दुरुस्तीच्या व्यवसायाचा वेगळा.

नळी आखूड करण्यात यंत्राच्या दृष्टीनेही तोटाच आहे. पुढची नेमाची माशी नळीच्या टोकाला असते. नळी कापली की ती जाते, आणि नवी बसवली तरी दोन माश्यांमधलं अंतर कमी झाल्याने नेम धरणं अवघड होतं. नळीचं तोंड सगळीकडून सारखं नसेल तर गोळी वाकडी जाते. कमरेला बसण्याची सोय झाली, पण ज्यासाठी शस्त्र आहे ते काम बिघडलं.

पॉलिशचं मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण ते निरुपद्रवी वाटतं आणि सगळ्यात जास्त शस्त्रं त्यानेच बिघडली आहेत. जुन्या पोलादावरचा काळा-निळा रंग हा वरून लावलेला रंग नसतो. पोलादाच्या पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला तो अतिशय पातळ, नियंत्रित गंज असतो. तो नव्याने चढवायचा, तर आधी सगळा पृष्ठभाग घासून काढावा लागतो. घासताना कडा गोल होतात, स्क्रूंची भोकं बशीसारखी पसरतात, आणि अक्षरं पुसट होतात. ती अक्षरं म्हणजे कारखान्याचं नाव, प्रूफचे शिक्के, विक्रेत्याचं नाव आणि क्रमांक. अधिनियमाच्या कलम ८ नुसार शस्त्रावरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. नूतनीकरणाच्या वेळी शस्त्र तपासणीला न्याल आणि परवान्यावरचा क्रमांक शस्त्रावर वाचता आला नाही, तर "पॉलिश करताना गेला" हे तिथे सांगून पाहा. निकेलचंही तेच: चढवण्याआधी घासणं आलंच.

विरलेला निळा रंग हा दोष नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. नळीच्या टोकाला चामड्याच्या खोळीने घासून आलेली चमक, मुठीवर तळव्याने आलेला गुळगुळीतपणा, हे सगळं शस्त्र कसं वापरलं गेलं याची नोंद आहे. आजीची पैठणी विरली म्हणून आपण ती पुन्हा रंगवत नाही. हा पृष्ठभागही तसाच ठेवण्याच्या लायकीचा असतो.

चाप हलका करणं थोडक्यात सांगतो. लोक आतली कमान (स्प्रिंग) कापतात किंवा घासतात. घोडा मग कमी जोराने पडतो, काडतूस कधी उडतं, कधी नाही. आतल्या खाचा घासल्या तर घोडा चढवलेल्या स्थितीत टिकत नाही आणि हातातून पडल्यावर गोळी सुटू शकते. जुन्या शस्त्राचा चाप जड असतो, तो तसाच असू द्या.

मूठ बदलणं चालतं. दोन पट्ट्या, एक स्क्रू, बॉडीला कुठे भोक पाडायचं नाही. मूळ पट्ट्या कागदात गुंडाळून, वर नोंद लिहून जपून ठेवा. उद्या कुणालाही त्या परत बसवता येतील.

दुरुस्ती आणि बदल यांतलं अंतर

झिजलेली कमान तशाच मापाच्या कमानीने बदलणं, अडकवणारा भाग झिजला तर तो मूळ मापाला आणणं, सैल झालेली बिजागरी नीट करणं, ही दुरुस्ती. शस्त्र जसं होतं तसं राहावं, हा तिचा हेतू. ती करून घ्यावी, पण दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक व केलेलं काम लिहून घ्यावं. काढलेला जुना भागही परत मागून घ्या. "याला काय करायचंय" असं दुकानदार म्हणेल, तरी मागा.

एक अपवाद मानायला हवा. स्वतः सैन्याने केलेले बदल हे इतिहासाचाच भाग असतात. एनफिल्ड नंबर दोनचा घोडा आधी अंगठ्याने ओढता येईल असा, मागे टोक असलेला होता. रणगाड्यातल्या सैनिकांच्या कपड्यांत आणि अरुंद जागेत ते टोक अडकायचं, म्हणून १९३८ पासून टोक नसलेला घोडा आला. आधीची बरीच रिव्हॉल्व्हरंही दुरुस्तीला आली तेव्हा तशीच बदलली गेली. त्यामुळे मूळ टोकवाला एनफिल्ड आज दुर्मीळ आहे. पण बदललेलाही बनावट ठरत नाही, कारण तो बदल कुणी, कधी, का केला हे नोंदलेलं आहे. म्हणून तुमच्या शस्त्रावर काही "विचित्र" दिसलं, तर ते पूर्वीच्या कुणाची चूक समजून "सुधारू" नका. आधी त्याचा शोध घ्या.

दुसरं घ्यायचं तर

अमेरिकेतला शौकीन जुनं ठेवून दुकानातून सहज दुसरं आणतो. आपल्याकडे तसं नाही, आणि म्हणूनच इथे हा निर्णय जास्त विचाराने घ्यावा लागतो. २०१९ पर्यंत एका परवानाधारकाला तीन शस्त्रं ठेवता येत, आता दोनच. वारशाने आलेलं शस्त्रही या दोनांतच मोजलं जातं. नेमबाज खेळाडूंची सवलत वेगळी. म्हणजे आजोबांचं रिव्हॉल्व्हर ही तुमची एक जागा झाली, आणि नवं घेतलं की दुसरी भरली. शेतावर रानडुकरांसाठी बंदूकही हवी असेल, तर हिशेब तिथेच संपतो.

अर्ज कुठे करायचा, हे तुम्ही राहता कुठे यावर ठरतं. पुणे शहर हद्दीत पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडमध्ये २०१८ पासून तिथलं स्वतंत्र आयुक्तालय, आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वाकडहून कोथरूडला घर बदललं तरी आयुक्तालय बदलतं, हे ध्यानात असू द्या. आधी दुसऱ्या शस्त्राची परवानगी परवान्यावर चढवून घ्यायची, मग परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी, मग शस्त्र दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर लिहून घ्यायचा. हा क्रम उलटा करू नका. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते.

घेण्यासारखं काय आहे? कानपूरच्या कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं मिळतंय. त्याची रचना वेब्लीच्या मार्क चारच्या वळणाची आहे, तसंच मधून मोडून उघडणारं. २०१४ मध्ये निर्भीक आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचं. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रबल आलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं, वजन ७०० ग्रॅम आणि नळी ७६ मिमीची. जुन्याची नळी कापून जो आखूडपणा मिळवायचा होता, तो इथे कारखान्यातून, तपासणीच्या शिक्क्यासह आणि कायद्याच्या आत मिळतो. जुन्यावर करायच्या कामाचा खर्च आणि त्यामुळे घसरणारी किंमत एकत्र मांडून पाहिली, की "बदल स्वस्त पडेल" हा समज टिकत नाही.

किंमतीबद्दल आणखी एक. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद आहे. त्यामुळे त्याआधी आलेली .३२ ची वेब्ली, कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसन आपल्याकडे मूळ देशापेक्षा कितीतरी महाग विकली जातात, आणि जितकी न छेडलेली तितकी जास्त. विकायचीच वेळ आली तर खरेदीदाराकडे त्या बोअरचा परवाना आणि रिकामी जागा हवी. शिवाय जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावं लागतं. ओळखीच्याला हातोहात देणं हा गुन्हा आहे, मग तो सख्खा भाचा का असेना.

वारसाचंही सांगायला हवं, कारण या चर्चेत बहुतेक वेळा विचारणारा नातू असतो आणि परवाना आजोबांच्या नावावर. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र त्याच्याकडे येऊन २५ वर्षं झाली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसाचं वय २१ पूर्ण हवं. आजोबा खुर्चीत बसून स्वतः सही करू शकतात तोवर हे करून घ्या. ते गेल्यावर परवाना वारसाला आपोआप मिळत नाही. विनाविलंब शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग अर्ज करावा लागतो. दिवसकार्य आटोपेपर्यंत, मग वर्षश्राद्धापर्यंत, मग कागद सापडेपर्यंत शस्त्र कपाटातच राहिलं, तर शोकात असलेलं घर विनापरवाना शस्त्र बाळगल्याच्या प्रकरणात अडकतं.

आणि दोन्ही नको असेल तर?

बऱ्याच घरांसाठी मला हेच योग्य वाटतं. बदलू नका, दुसरंही घेऊ नका. पुण्याच्या सोसायटीत राहणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या रिव्हॉल्व्हरची गरज आहे का, हे घरच्यांनी एकदा शांतपणे विचारावं. लहान मुलं घरात असतील तर जास्तच. एक शस्त्र नीट सांभाळणंही मोठी जबाबदारी आहे.

सांभाळायचं म्हणजे मुख्यतः पावसाळ्यापासून. जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा शस्त्र चामड्याच्या खोळीत ठेवू नका. चामडं ओलावा धरतं आणि ते कमवताना वापरलेली द्रव्यं पोलादाला खातात. खोळ वेगळी ठेवा. शस्त्र रिकामं असल्याची प्रत्येक वेळी खात्री करा, सहाही घरं डोळ्यांनी पाहा. सुती कापडाने बोटांचे ठसे पुसा, घामातलं मीठ गंजाची सुरुवात करतं. तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त तेल लाकडी मुठीत मुरतं आणि आतल्या भागांत धुळीबरोबर घट्ट होतं. सिलिका जेलची पुडी ठेवून तिजोरीत बंद करा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. तांबूस ठिपके दिसले तर सँडपेपर लावू नका, तेल लावून मऊ कापडाने सावकाश पुसा.

शस्त्राचे दोन्ही बाजूंचे, प्रत्येक शिक्क्याचे आणि क्रमांकाचे स्वच्छ उजेडात फोटो काढून परवान्याच्या प्रतीसोबत ठेवा. आजोबांना ते कुठून मिळालं, कोणत्या साली, कुणाकडून, हे त्यांच्या तोंडून ऐकून तारखेसह लिहून घ्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं, तर ते तिथे महिना-दोन महिने राहू शकतं. देण्याआधी तेलाचा हात फिरवा, आणि पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक आणि असलेले ओरखडे लिहून घ्या. परत घेताना त्या फोटोंशी ताडून पाहा आणि मगच सही करा.